वाचकांचे प्रश्न : बिल्ला मिळाला, पण त्याचा कागद कुठाय?

मागच्या अंकात जुन्या नाण्यांबद्दल उत्तर देताना मी सहज एक ओळ लिहून गेले होते, की माझा खरा जीव रशियातल्या १९१८ ते १९३५-३६ च्या बिल्ल्यांत आणि त्यांच्याबरोबर मिळणाऱ्या कागदांत आहे. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं, आणि तीही बहुतेक सगळी आपल्या किनाऱ्यावरची, अलिबागपासून मालवणपर्यंत. म्हणून या वेळी नाणी बाजूला, सगळी उत्तरं याच विषयावर. नावं छापत नाहीये, फक्त गाव देतेय.

प्रश्न (देवगड) : काकू, माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, मालवाहू जहाजावर होते आणि ओडेसाला बऱ्याचदा गेले होते. ते गेल्यावर बिस्किटाच्या डब्यात ४० एक रशियन बिल्ले निघाले. काहींवर लेनिन आहे, एका लाल ताऱ्यावर कुरळ्या केसांचं लहान बाळ आहे. हे क्रांतीच्या काळातले असतील का? आणि विकले तर किती मिळतील?

तुम्ही पाठवलेले फोटो नीट पाहिले. क्रांतीच्या काळातले नाहीत, बहुतेक सगळे १९६० ते १९८५ च्या मधले आहेत. ते कुरळ्या केसांचं बाळ म्हणजे लहानपणीचा लेनिनच, आणि तो तारा शाळेतल्या सगळ्यात छोट्या मुलांचा, ऑक्टोबर-बाळांचा म्हणतात तसला. त्याच्या शेजारी ज्वाळा असलेला आणि मधे लेनिनचा चेहरा असलेला तारा पायोनियर मुलांचा, म्हणजे त्यांच्याहून मोठ्या शाळकरी मुलांचा, ते डिझाइन १९६२ चं. झेंड्यावर लेनिनचं डोकं असलेला छोटा बिल्ला कोम्सोमोलचा, म्हणजे युवक संघटनेचा, तो नमुना १९५८ पासूनचा, त्यामुळे तो त्याआधीचा असूच शकत नाही.

घरच्या घरी ओळखायचं असेल तर आधी हातात घेऊन वजन बघा. हलकं अल्युमिनियम, मागे साधी सेफ्टीपिनसारखी पिन, आणि पाठीवर बारीक अक्षरात कोपेकमधली, म्हणजे तिकडच्या पैशांतली, किंमत ठोकलेली असली की तो स्टॉलवर विकायचा बिल्ला, तिकडे त्याला झ्नाचोक म्हणतात. अशांचं उत्पादन प्रचंड होतं आणि बंदरात उतरलेल्या खलाशांशी लोक त्यांची अदलाबदल करायचे, तुमच्या आजोबांनी बदल्यात काय दिलं असेल ते आता कोण सांगणार. सुरुवातीच्या काळातला बिल्ला वेगळाच लागतो हाताला, पितळ किंवा चांदी, वर भट्टीत भाजलेलं काचेचं मिनं, आणि मागे बऱ्याचदा पिनेऐवजी स्क्रू आणि त्यावर फिरवायची गोल चकती, कोटाला भोक पाडून घालायचा.

किमतीचं विचारलंत तर डबा विकून फार काही हाती लागणार नाही. पण मी तुमच्या जागी असते तर आजोबांची सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदपुस्तिका, शोधली असती, त्यात कुठल्या जहाजावर कधी चढले कधी उतरले याच्या नोंदी असतात, आणि आजी किंवा मामा कुणी असतील तर आत्ताच बसून विचारलं असतं की ओडेसाला कुठल्या साली गेले होते, सोबत गावातलं कोण होतं, आणि ते सगळं एका कागदावर लिहून त्याच डब्यात ठेवलं असतं. रशियातल्या माणसाच्या बिल्ल्याला जसा त्याचा दाखला लागतो तसा तुमच्या डब्याला हा कागद. तो नसेल तर पुढच्या पिढीला हा नुसता पत्र्याचा डबा.

प्रश्न (रत्नागिरी) : ऑनलाइन एक बिल्ला घेतला, सोबत छोटी पुस्तिका पण आली. विकणारा म्हणतो दोन्ही एकाच माणसाचं. बिल्ल्यावर धावणारा माणूस, दातेरी चक्र आणि तारा आहे, मागे नंबर आहे. जोडी खरी आहे हे कसं ओळखायचं?

हा जीटीओचा बिल्ला, नावाचा अर्थ 'श्रम आणि संरक्षणासाठी सज्ज'. १९३१ मध्ये सुरू झाला. धावणं, पोहणं, गोळाफेकीसारखं ग्रेनेड फेकणं असल्या चाचण्या पास झालेल्याला मिळायचा, कारखान्यातले कामगार, विद्यार्थी, सैनिक, बायका सगळ्यांना. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३२ ला, ओसोआविआखिम नावाच्या, सामान्य लोकांना संरक्षणाचं शिक्षण देणाऱ्या संघटनेनं 'व्होरोशिलोव्ह नेमबाज' हा बिल्ला काढला, संरक्षणमंत्री व्होरोशिलोव्हच्या नावानं. मग १९३४ ला प्रथमोपचाराचा आला, १९३५ ला हवाई हल्ला आणि विषारी वायूपासून बचाव शिकलेल्यांचा. त्या दशकात कुणाच्या छातीवर हे तीन-चार बिल्ले ओळीनं दिसले की समजायचं हा माणूस युद्धाची तयारी करून बसलाय, आणि पुढे १९४१ ला खरंच ते युद्ध त्यांच्या दारात आलं. मला या बिल्ल्यांबद्दल एवढं वाटतं ते म्हणूनच. सेनापतींच्या पदकांवर भरपूर लिहिलं गेलंय, पण गिरणीत काम करून संध्याकाळी नेमबाजी शिकणाऱ्या मुलीबद्दल तिच्या त्या तळहाताएवढ्या पुस्तिकेशिवाय दुसरीकडे कुठे काही सापडत नाही.

आता तुमची जोडी. पहिलं म्हणजे नंबर. बिल्ल्याच्या पाठीवरचा आणि पुस्तिकेत हातानं लिहिलेला एकच आहे का, आणि पुस्तिकेतला खोडून पुन्हा लिहिलेला तर नाही ना. फोटोत मला शेवटचा आकडा जाड दिसतोय. उजेडासमोर कागद धरा, खरवडलेल्या जागी कागद पातळ होतो आणि उजेड जास्त येतो.

दुसरं म्हणजे तारखा एकमेकींशी भांडतायत का ते बघा. माझा अर्धा अभ्यास हाच आहे. सोव्हिएत संघ झाला ३० डिसेंबर १९२२ ला, त्यामुळे आपल्याला सीसीसीपी अशी दिसणारी ती चार अक्षरं १९२१ ची तारीख असलेल्या वस्तूवर असतील तर ती वस्तू ठेवून द्या. पेत्रोग्राडचं लेनिनग्राड झालं जानेवारी १९२४ मध्ये, लेनिन गेल्यावर पाच दिवसांनी. त्सारित्सिनचं स्तालिनग्राड १९२५ ला, निझ्नी नोव्हगोरोडचं गोर्की १९३२ ला. ओसोआविआखिम स्वतः १९२७ ला जन्मली, त्याआधी हवाई दलाच्या मित्रांची वेगळी संघटना होती, १९२३ ची. लाल सेनेच्या पहिल्या ताऱ्यावर हातोडा आणि नांगर होता, विळा नव्हता, विळा १९२२ ला आला. म्हणजे १९१९ च्या कागदासोबत विळ्याचा तारा कुणी दिला तर कागद खरा असेल, तारा खरा असेल, पण जोडी नंतर कुणीतरी जुळवलेली. शिक्क्यातलं गाव, संघटनेचं नाव, तारीख आणि बिल्ल्यावरचं चिन्ह, हे चार जण एकमेकांना ओळखत असले पाहिजेत.

पण उलटी घाई पण करू नका. १९१८ ला रशियन लिपी सुधारली, शब्दाच्या शेवटी लिहायचं ते मुकं चिन्ह गेलं, आणखी तीन-चार अक्षरं गेली. म्हणून १९१९ च्या कागदावर जुनं शुद्धलेखन दिसलं की नवखा माणूस लगेच बनावट म्हणतो. तसं नसतं, क्रांतीनंतरच्या यादवी युद्धात कागदाची भयंकर टंचाई होती, जुन्या राजवटीचे छापील फॉर्म उलटे करून किंवा वर शिक्का मारून वापरायचे, आणि लिहिणारा कारकून शाळेत जे शिकला तेच लिहिणार ना. आपल्याकडे पण जुन्या माणसांचे ऱ्हस्व-दीर्घ १९६२ चे नियम आले म्हणून एका रात्रीत बदलले नव्हते.

तिसरं शाई. त्या काळात टाक-शाई नाहीतर जांभळी कॉपिंग पेन्सिल, जी ओली झाली की जांभळी पसरते. आजच्या बॉलपेनचं पेटंटच १९३८ चं, आणि सोव्हिएत संघात ते रोजच्या वापरात आलं त्याच्या खूप नंतर. १९३३ ची तारीख बॉलपेननं लिहिलेली असेल तर प्रश्न मिटला. पिनेच्या गंजावर मात्र भरवसा ठेवू नका, गंजाचा डाग म्हणजे जुनेपणाचा पुरावा असं परदेशातले लोक लिहितात, पण आपल्याकडे दोन पावसाळ्यांत स्टेपलरची पिन कागद खाऊन टाकते.

फोटो असेल तर गोल शिक्क्याचा काही भाग फोटोवर आणि उरलेला कागदावर हवा, आणि वर्तुळ न तुटता पुढे गेलेलं हवं. फोटो बदलला की वर्तुळ जुळत नाही.

आणि बिल्ला स्वतः. दहापट भिंगाखाली अक्षरांच्या कडा बघा. साच्यातून ओतलेली नक्कल असली की अक्षरं साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखी बुजलेली दिसतात, आणि मूळ वस्तूवरून साचा काढल्यामुळे नक्कल जराशी लहान भरते, धातू थंड होताना आकसतो म्हणून. व्हर्नियर कॅलिपरनं मोजून नोंद ठेवा. मिनं खरं असेल तर काच आहे, तिला काचेसारखी बारीक तडा जाते, रंगाचा पोपडा उडत नाही. सुई टोचून बघायचं नाही हां, लोक असलं काहीतरी शिकवतात.

हे सगळं सांगायचा हक्क मला एका चुकीमुळे मिळालाय. बरीच वर्षं झाली, मुंबईत चोरबाजारात एका दुकानात अगदी असाच धावणाऱ्या माणसाचा बिल्ला मिळाला, सोबत चार घडीचा, एका बाजूनं फाटलेला कागद होता, दुकानदार म्हणाला कागदाचे वेगळे पैसे. मी तेव्हा बिल्ल्यालाच वस्तू समजत होते, कागद त्याच्या हातात परत दिला आणि बिल्ला घेऊन आले. घरी आल्यावर मागचा नंबर दिसला. दुसऱ्या आठवड्यात परत गेले तर कागद गेला होता, रद्दीत का गिऱ्हाइकाकडे ते त्यालाही आठवेना. तो बिल्ला अजून माझ्याकडे आहे, नंबर पाठ आहे, आणि कुणाचा ते मला कधीच कळणार नाही. कागद फाटका असला, घाण असला, शाई पसरलेली असली तरी तो आधी घ्या, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते.

प्रश्न (मालवण) : माझ्या पितळी बिल्ल्यावर हिरवा थर आलाय. आजयेन सांगल्यान आमसुलान घास, लख्ख होतला. घासू का?

नको. अजिबात नको. आजीचं म्हणणं तांब्या-पितळेच्या हंड्याला बरोबर आहे, आमसूल आणि चिंच आंबट आहेत म्हणून वरचा थर खातात, पण बिल्ल्यावर तोच आंबटपणा मिन्याच्या कडेनं आत शिरतो, तडा असेल तर काच सुटून येते, सोन्याचा मुलामा असेल तर तो जातो, आणि पाठीवरचा नंबर किंवा टांकसाळीची खूण जी आधीच उथळ असते ती आणखी पुसट होते. पितांबरी, ब्रासो, टूथपेस्ट, सगळ्याला हेच उत्तर.

हिरवं जर पावडरीसारखं सुटत असेल आणि पुसल्यावर परत येत असेल तर ते आपल्या खाऱ्या हवेचं काम आहे, मीठ धातूत बसलंय. मऊ कोरड्या ब्रशनं हलकेच झाडा, आणि मग हवेपासून लांब ठेवा. छोट्या घट्ट डब्यात सिलिका जेल, ती रंग बदलणारी घ्या, रंग बदलला की तव्यावर नाही, ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवून परत वापरता येते, गणपतीपर्यंत दर पंधरा दिवसांनी बघावी लागते. पीव्हीसीचे मऊ, वास येणारे अल्बम वापरू नका, त्यातून जे सुटतं त्यानं पितळ चिकट हिरवं होतं. आंब्याच्या पेटीत पेंढा नाहीतर वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर, हे तर नकोच, पेंढा दमट आणि वर्तमानपत्राचा कागद आम्ल. डांबराच्या गोळ्या पण प्लास्टिकजवळ नकोत.

कागद आणि बिल्ला एकाच डब्यात ठेवा पण एकाच पाकिटात नको, धातूचा डाग कागदावर उमटतो. दोन पाकिटं, दोन्हींवर तोच नंबर पेन्सिलीनं. कसर लागलीय का ते महिन्यातून एकदा उघडून बघायचं.

प्रश्न (चिपळूण) : वडील भिलाईला इंजिनिअर होते, तिथल्या एका रशियन सहकाऱ्यानं स्वतःच्या वडिलांचं १९२० च्या दशकातलं सभासद कार्ड त्यांना भेट दिलं होतं. वर तुरुंगाच्या गजांतून बाहेर आलेला हात आणि लाल रुमाल असं चित्र आहे, आत छोटी छोटी तिकिटं चिकटवलीत. २०२१ च्या पुरात घरात पाणी आलं तेव्हा ते भिजलं. वाळवल्यावर खराब होऊ नये म्हणून लॅमिनेट केलं. आता आतली जांभळी अक्षरं फिकट होत चाललीत. लॅमिनेशन काढता येईल का?

तुमचा ईमेल वाचून पोटात गलबललं, कारण त्या जुलैमध्ये चिपळूणात घराघरांतून काय काय गेलं ते आम्ही पाहिलंय, आणि त्या चिखलातून तुम्ही हे कार्ड वाचवलंत हेच मुळात मोठं आहे. लॅमिनेट केलंत म्हणून स्वतःला दोष देऊ नका, दहावीच्या सर्टिफिकेटपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं लॅमिनेट करायची आपली पद्धत आहे.

पण आता घरी काही करू नका. इस्त्री, केसांचा ड्रायर, ब्लेड, यातलं काहीही नको, गोंद उष्णतेनं कागदात आणखी मुरतो. आजच दोन्ही बाजूंचं चांगल्या रिझोल्यूशनचं स्कॅनिंग करा, आणि एकदा तिरक्या उजेडात मोबाइलनं फोटो काढा, पेन्सिलीचा दाब कागदावर राहिलेला असतो आणि शाई उडाली तरी तिरक्या उजेडात अक्षर वाचता येतं. मग उन्हापासून लांब, अंधारात ठेवा, कारण तो जांभळा रंग उजेडानं उडतो. काढण्याचं काम फक्त कागदाच्या संवर्धकाचं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा, आणि नेताना कार्ड दुमडू नका.

तुमच्या कार्डाबद्दल थोडं. गजांतला हात आणि लाल रुमाल म्हणजे मोप्र, इतर देशांतल्या राजकीय कैद्यांना आणि त्यांच्या घरच्यांना मदत करणारी संस्था, १९२२ ची. आतली तिकिटं पोस्टाची नाहीत, वर्गणीची आहेत, दर महिन्याला किंवा तिमाहीला थोडे कोपेक भरले की एक तिकीट. ती मोजा. सलग आहेत का, मधे खंड आहे का, कधी थांबलीत. एका कामगाराच्या पगाराची, आजारपणाची, गाव बदलल्याची गोष्ट त्या खंडांत दिसते, कधी मधेच तिकिटांचा रंग आणि शिक्क्यातलं गाव बदलतं. माझ्या मते असं सभासद कार्ड कुठल्याही चांदीच्या बिल्ल्यापेक्षा जास्त बोलतं. आणि तुमच्याकडे तर ते कुणी कुणाला दिलं हे सुद्धा माहीत आहे, भिलाई, कोणतं साल, त्या सहकाऱ्याचं पूर्ण नाव, वडिलांना विचारून लिहून ठेवा, ते नसतील तर त्यांच्या बरोबरच्या कुणाला विचारा.

प्रश्न (अलिबाग) : एक परदेशी विक्रेता मला 'ऑर्डर ऑफ द रेड बॅनर' त्याच्या प्रमाणपत्रासह देतोय. संग्रहाची सुरुवात यानंच करावी का?

नाही. हे सरकारी पदक आहे, बिल्ला नाही. १६ सप्टेंबर १९१८ ला ते सुरू झालं आणि पहिला मानकरी लाल सेनेचा सेनानी ब्ल्युखेर, ज्याला पुढे १९३८ ला अटक झाली आणि कोठडीतच तो गेला. रशियाच्या फौजदारी कायद्यात कलम ३२४ खाली सरकारी पदकं आणि अधिकृत कागदपत्रं विकत घेणं-विकणं गुन्हा आहे, त्यात सोव्हिएत काळातली पदकंही येतात. म्हणजे ती वस्तू रशियातून कशी बाहेर आली हा प्रश्न तुमच्या दाराशी येतो. शिवाय या पदकाच्या नकला ढिगानं आहेत. १९२४ च्या आधीच्यावर खालच्या फितीवर फक्त रशियन प्रजासत्ताकाची अक्षरं हवीत, संघाची नाही, दुसऱ्यांदा मिळालं असेल तर त्यावर २ चा आकडा असतो, आणि रिबिनीची पट्टी १९४३ ला आली, त्याआधी स्क्रूनंच लावायचे, एवढं तरी नकलाकाराला ठाऊक असतंच.

एक गोष्ट मात्र कुठल्याही अभ्यासकानं लक्षात ठेवावी. त्या काळच्या पदकांच्या कागदांवर केंद्रीय कार्यकारी समितीचा सचिव येनुकीद्झेची सही सापडते, तो १९३५ ला पदावरून गेला आणि १९३७ ला त्याला गोळ्या घातल्या. ज्यांना अटक झाली त्यांची पदकं काढून घेतली जायची, आणि घरात असल्या सह्यांचे कागद ठेवायला लोक घाबरायचे, जाळायचे, नावं काळ्या शाईनं खोडायचे. म्हणून त्या काळचा कागद बिल्ल्यापेक्षा दुर्मिळ. खोडलेलं नाव असलेला कागद मिळाला तर 'खराब' म्हणून सोडू नका, आणि ती शाई काढायचा प्रयत्नही करू नका, ते खोडणं हा त्या कागदाचाच भाग आहे.

सुरुवात करायची तर संघटनांच्या साध्या कार्डांनी करा. आणि आपल्या देशाचा कायदाही माहीत असू दे, १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांपूर्वीची वस्तू आणि ऐतिहासिक मोलाचे ७५ वर्षांपूर्वीचे दस्तऐवज येतात, आणि असलं काही परदेशी पाठवायला खाजगी माणसाला परवानगी नाही. म्हणजे इथे आलेलं परत बाहेर विकायचं असा हिशोब धरून घेऊ नका.

प्रश्न (गुहागर) : मी टीवायबीएला इतिहास घेतलाय. विकत घ्यायला पैसे नाहीत. बिल्ला न घेता याचा अभ्यास करता येईल का? रशियन येत नाही. काकांच्या जुन्या तिकिटांच्या अल्बमात एक कार्ड सापडलंय, त्याचा फोटो जोडलाय, त्यावर लाल क्रॉस आणि चंद्रकोर आहे.

तुझ्या मेसेजनं मला सगळ्यात आनंद झाला. पैशाचं मनातून काढून टाक, माझ्या माहितीतले चांगले अभ्यासक दुसऱ्यांच्या वस्तूंचे फोटो वाचूनच तयार झालेत.

रशियन भाषा नंतर, आधी लिपी. ३३ अक्षरं आहेत, पंधरा दिवस पुरतात. मग खरी अडचण येते ती हाताच्या अक्षराची. छापील वाचता येणाऱ्याला हातानं लिहिलेलं रशियन समोर ठेवलं की बाळबोध शिकलेल्याला मोडी दिसल्यासारखं होतं, छापील 'त' हातात इंग्रजी एमसारखा होतो, 'प' एनसारखा, 'इ' यूसारखी, 'द' जीसारखा. तुमच्या गावात अजून कुणाकडे मोडीतले कागद असतील, ते वाचणारे आजोबा सांगतील की एकेक अक्षर ओळखत बसायचं नाही, पूर्ण शब्द नजरेत बसवायचा. इथेही तेच. दाखल्यांवर पंधरा-वीस शब्दच पुन्हा पुन्हा येतात, दाखला, दिला, नाव, जन्मसाल, सही, शिक्क्याची जागा. तारखेत महिना बऱ्याचदा रोमन आकड्यात असतो.

नावाची पद्धत तर आपलीच आहे. आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, मतदार यादीत असतं तसं. वडिलांच्या नावाला मुलासाठी 'ओविच' किंवा 'एविच' लागतं, मुलीसाठी 'ओव्ना' किंवा 'एव्ना'. त्यामुळे आडनाव गेलं तरी बाप कोण आणि मुलगा की मुलगी हे कळतं.

नाव मिळालं की शोध सुरू. 'पाम्यात नारोदा' म्हणून रशियन साइट आहे, युद्धकाळातली, १९४१ ते ४५ ची कागदपत्रं तिथे फुकट बघता येतात, आणि त्यातल्या पदक-शिफारशीच्या पानांवर जन्मसाल, गाव आणि आधी काय मिळालं होतं असा रकाना असतो, म्हणजे १९३० च्या दशकातला माणूस पुढच्या दशकात भेटू शकतो. दडपशाहीत गेलेल्यांची मेमोरियल संस्थेनं जमवलेली यादी आहे, तीस लाखांवर नावं. लाल सेनेचे १९१८ पासूनचे कागद मॉस्कोच्या लष्करी अभिलेखागारात आहेत, पण तिथवर जायची तुला इतक्यात गरज नाही. नाव जुळलं म्हणून तोच माणूस असं मात्र धरायचं नाही, जन्मसाल आणि गाव दोन्ही जुळलं पाहिजे.

आता तुझं कार्ड. हे 'आरोग्य संरक्षणासाठी सज्ज' या प्रथमोपचाराच्या बिल्ल्याचं कार्ड आहे, वर रत्नागिरीच्या प्रश्नात १९३४ चा म्हटलं तोच, रेडक्रॉस आणि रेड क्रेसेंट संघटनेचा. वरची डावी बाजू पाण्यानं गेलीय त्यामुळे आडनावाची दोनच अक्षरं दिसतायत आणि ती मी अंदाजानं लिहिणार नाही. वडिलांच्या नावाचा शेवट 'ओव्ना' आहे, म्हणजे ही बाई आहे. जन्मसालाच्या जागी १९१४. बिल्ल्याचा नंबर पाच आकडी, त्यातला मधला ३ आहे की ८ ते कळत नाही. तारखेत महिना रोमन सात, साल ३५. म्हणजे ती तेव्हा वीस-एकवीस वर्षांची. शिक्क्याच्या खालच्या अर्ध्या वर्तुळात गावाच्या नावाची शेवटची चार अक्षरं आहेत, 'ग्राड', आणि त्याच्या आधी एक उभी रेघ दिसतेय ती 'न' ची असू शकते नाहीतर डाग. 'न' असेल तर दोन मोठी शहरं समोर येतात, लेनिनग्राड आणि स्तालिनग्राड, आणि दोन्ही ठिकाणी पुढच्या सात-आठ वर्षांत काय झालं ते तुझ्या पुस्तकात आहेच.

त्या कोपऱ्याचा फोटो परत पाठव, खिडकीजवळ, कार्ड सपाट ठेवून, उजेड डावीकडून तिरका येऊ दे. आणि काकांना विचार की हा अल्बम त्यांनी कुणाकडून घेतला होता.